तळातल्यांचं खाणं

मुरलीधर टाकीच्या तळाला पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि टाकी बाहेरून मोजली तर दोनच फूट उंच होती.

टाकी माशांची. काचेची. कचेरीच्या पहिल्या मजल्यावर, मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेली. वरच्या पाण्यात अकरा गोल्डफिश, केशरी, लठ्ठ, दिवसातून दोनदा साहेबांच्या हातचे दाणे खाणारे. खाली वाळूत काचेला तोंड चिकटवून बसणारा एक काळा सकर मासा, मिशा असलेले दोन चिंचोळे मासे आणि वीसएक गोगलगाई. सोमवारी सकाळी साडेदहाला साहेबांना तळ हिरवट दिसला. साहेबांनी हेडक्लार्क करंबेळकरांना सांगितलं. करंबेळकरांनी शिपाई बाबालालला सांगितलं. बाबालालनं सफाई कामगार मुरलीधरला सांगितलं. मुरलीधरनं पुढं कुणाला सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ब्रश घेतला, स्टुलावर चढला आणि टाकीत पाय टाकला.

पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, मग छातीला.

"तळ लागंना, भाऊसाहेब," तो म्हणाला.

"लागेल. उतर," करंबेळकर म्हणाले.

डोकं आत गेलं. करंबेळकरांनी हालचाल रजिस्टर ओढलं, मुरलीधरच्या नावापुढं लिहिलं, 'टाकीत. काम चालू.' आणि चहा सांगितला. कचेरीत कुणाला नवल वाटलं नाही. माणूस खाली सोडायचा आणि वर आपल्या कामाला लागायचं, ही त्या इमारतीची जुनी रीत होती. खाली किती खोल आहे हे विचारायची रीत नव्हती.

मंगळवारी दुपारी मुरलीधरची बायको इंदू कचेरीत आली तेव्हा बाबालाल टाकीसमोर बसून होता.

"आत्ताच टेकला बघा, वहिनी," तो म्हणाला. "मघापर्यंत जातच होता."

इंदूनं काचेला नाक लावलं. मुरलीधर बोटाच्या पेराएवढा दिसत होता. लहान झाला नव्हता, लांब होता. बावीस वर्षं ती त्याला वस्तीच्या रस्त्यावरून येताना बघत आली होती, डावा खांदा पाडून चालणारा तो ठिपका तिला कुठूनही ओळखता आला असता. तो वाकून काहीतरी घासत होता. भोवती गोगलगाई होत्या, त्याच्या गुडघ्याएवढ्या.

तिनं काचेवर टिचकी मारली. गोल्डफिश तोंडं उघडून वर आले, त्यांना वाटलं साहेब आले. मुरलीधरनंही मान वर केली, पण तिच्याकडं नव्हे, सरळ वर, जिकडून त्याला उजेड येत असणार तिकडं. मग पुन्हा वाकला.

"कधी येणार वर?" तिनं विचारलं.

"तळ संपला की," करंबेळकर म्हणाले.

"कालपास्नं जेवला न्हाई त्यो."

"खाली असतं बाई सगळं. वरून पडलेलं, सडलेलं, शेवाळ, माशांची घाण. तळातल्यांना वेगळं घालायला लागत नाही. टाकी घेतली तेव्हाच दुकानदारानं सांगितलंय."

"ते माशांचं सांगितलं असंल."

"तळातल्यांचं," करंबेळकर म्हणाले, आणि शब्द नीट पोचला का ते चष्म्यावरून बघितलं.

इंदू तिथून निघाली. जिना उतरताना तिचं डोकं तापलं होतं. बुधवारी सकाळी तिनं ते दुकान शोधून काढलं. दुकानदार ओले हात बनियनला पुसत बाहेर आला. तिनं विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही.

"सांगतो मी तसं. सगळेच सांगतात. घाण खातो, वेगळं घालायला लागत नाही म्हटलं की गिऱ्हाईक लगेच पिशवी पुढं करतं."

"आन् खरं काय?"

"खरं म्हणजे उपाशी मरतात. सकराचं पोट आत जातं, पण तो काचेला चिकटलेला, कोण बघतंय त्याचं पोट? गोगलगाईचं कवच पांढरं पडतं, मग त्याला भोकं पडतात. वरून टाकलेलं वरचेच खातात. खाली जातो तो चुरा."

"मग करायचं काय?"

"घरी करा. पालक, मटार, दुधी. उकळत्या पाण्यातनं काढायचं आणि मिक्सरला लावायचं. अंड्याची टरफलं उकळून वाळवा, त्यांची पूड घाला, कवचाला लागते. मग चायना ग्रास शिजवून त्यात ओता आणि ताटात थापा, म्हणजे पाण्यात विरघळत नाही. वजन बांधून सोडा, नाहीतर मधेच हाणतील वरचे. आणि मीठ नको. कणभर नको. मिठानं गोगलगाय आतल्या आत विरून जाते."

"आन् माणसाला?"

"कुठल्या माणसाला?"

"तळातल्या."

दुकानदारानं तिच्याकडं बघितलं, मग दारातल्या टाक्यांकडं. "तळातल्यांना मीठ नको," तो म्हणाला आणि आत गेला.

वस्तीच्या तोंडाला भुर्जीची गाडी होती. इंदूनं तिथून टरफलांची पिशवी भरून आणली, उकळली, पत्र्यावर वाळत घातली. पोरगी तनुजा भाजी निवडायला बसली. तनुजा एकोणीस वर्षांची. बारावी होऊन तिचं नर्सिंगला नाव लागलं होतं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं, पांढऱ्या ड्रेसचं कापड शिंप्याकडं दिलं होतं. मुरलीधरनं तीन पिढ्यांचा झाडू या पोरीपाशी थांबवायचा असं ठरवलं होतं, आणि तो वस्तीत सगळ्यांना हे सांगत फिरायचा, कुणी विचारो न विचारो.

"पप्पांना पालक चालत नाही," तनुजा म्हणाली. "ताट सरकवतात."

"तिथं सरकवायला जागा कुठाय."

"आणि असलं अळणी?"

मिक्सरमधून निघालेला हिरवा लगदा इंदूनं टरफलांच्या पुडीत कालवला. चायना ग्रासचे पांढरे धागे पाण्यात शिजवून शिजवून दिसेनासे केले, ते पाणी लगद्यात ओतलं आणि सगळं ताटात थापलं. तासाभरात ते घट्ट झालं. तिनं कोथिंबिरीच्या वड्या पाडतात तशा वड्या पाडल्या. एक तोंडात टाकली. चव कसलीच नव्हती. दाताखाली टरफल कचकचलं तेवढंच.

गुरुवारी तिनं शिवणाच्या दोऱ्याला सायकलचा नट बांधला, नटाला वडी बांधली आणि टाकीत सोडली. गोल्डफिश धावून आले. तिनं कोपरापर्यंत हात घालून त्यांना हुसकलं. ते तिची बोटं चोखायला लागले, तोंडं मऊ होती आणि आत दात असल्यासारखं काहीतरी होतं. दोरा सुटत राहिला. अख्खं रीळ संपत आलं तेव्हा वडी तळाला टेकली. बाबालालनं घड्याळ बघितलं होतं. चाळीस मिनिटं.

मुरलीधर वडीपाशी आला. ती त्याच्या उशीएवढी दिसत होती. त्याच्या आधी गोगलगाई पोचल्या होत्या. तो त्यांच्यात बसला, त्यांना बाजूला न सारता, आणि खाल्लं. मग दोऱ्याला दोन हिसके बसले. इंदूच्या बोटाला ते लागले. घरी दार वाजवायची त्याची तीच पद्धत होती, दोन थापा, तिसरी कधी नाही.

"पोचलं म्हणतोय," बाबालाल म्हणाला.

"कळलं मला," इंदू म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि कचेरीत रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

शुक्रवारी एक रीळ पुरलं नाही. तिनं दुसरं जोडलं. तळ आणखी खाली गेला होता आणि मुरलीधर आता मुगाच्या दाण्याएवढा होता. दोन हिसके आले, पण उशिरा. दोरा वर ओढला तर नटाला अर्धी वडी तशीच. कडेला दातांच्या खुणा होत्या. माणसाच्या दातांच्या.

शनिवार-रविवार कचेरी बंद. इंदू घरात बसली आणि तिला त्या अर्ध्या वडीशिवाय दुसरं काही दिसेना. ज्या माणसानं आमटीत मीठ कमी पडलं म्हणून वाटी उपडी केली होती, त्याला ती बिनचवीचा लगदा घालत होती. रविवारी सकाळी चहा करायला उठली तर ओटा तिच्या खांद्याला लागत होता. आदल्या दिवशी तो कमरेला होता.

"आई, ओटा वर गेलाय," तनुजा म्हणाली.

"ओटा कसा जाईल वर. डबा घे पायाखाली."

तनुजानं तेलाचा डबा ओढला. दारातून बाहेर पडायला आदल्या दिवशी एक पायरी चढावी लागत होती, आता चार लागत होत्या. शेजारीण वरून वाकून म्हणाली, "इंदूताई, घर खचलं का गं तुमचं?" आणि उत्तराची वाट न बघता धुण्याची बादली उपसत राहिली. ते पाणी चार पायऱ्या उतरून यांच्या उंबऱ्यात आलं.

त्या दिवशी इंदूनं नव्या वड्या केल्या. लगदा कालवताना तिचा हात मिठाच्या बरणीकडं गेला.

"आई, नको. दुकानदारानं सांगितलंय ना."

"त्यानं गोगलगाईंचं सांगितलंय."

"तळातल्यांचं सांगितलंय."

"तनू, माझा नवरा हाय त्यो. गोगलगाय न्हाई," इंदू म्हणाली, आणि एका वडीपुरता लगदा वेगळा काढून त्यात मीठ घातलं. चिमूटभर. मग आणखी चिमूटभर, मुरलीधरच्या हिशोबानं. तीच एक वडी चौकोनी पाडली, ओळखायला.

सोमवारी तीन रिळं लागली. बाबालालनं आपल्या घरून जुनं भिंग आणलं होतं, पेपर वाचायचं. त्या भिंगातून इंदूनं बघितलं. चौकोनी वडी टेकली. मुरलीधर आला. पहिल्यासारखा चालत नव्हता, वाळूवरून सरकत येत होता, आणि मागं एक चकाकती रेघ उमटत होती. त्यानं वडीला तोंड लावलं.

मग त्याचे हात आत गेले. कोपरं, खांदे, सगळं अंगात ओढलं गेलं. पाय पोटात गेले. अंगाला फेस सुटला, पांढरा, बारीक बुडबुड्यांचा. आजूबाजूच्या चार गोगलगाईंनाही तसाच फेस सुटला आणि त्या उलट्या पडल्या. इंदू भिंग धरून उभी होती. भिंग हलत होतं म्हणून बाबालालनं तिचं मनगट धरलं.

"काय घातलंत वहिनी?"

"मीठ."

बाबालालनं मनगट सोडलं.

दोऱ्याला हिसका आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी तिनं अळणी वड्यांचं अख्खं ताट नेलं, एकेक करून सोडल्या, टाकीच्या कडेला तोंड नेऊन "चुकलं माझं, चुकलं" म्हणत राहिली. पाण्याला ते कळलं असेल, खाली कळलं नाही. मुरलीधर होता तिथंच मुटकुळं करून पडला होता. त्याच्या पाठीवर काहीतरी आलं होतं. भिंगातून ते पातळ, पिवळसर आणि पिळाचं दिसत होतं, आणि त्याला एक भोक होतं.

बुधवारी पाच वाजता करंबेळकर उठून आले, कमरेवर हात ठेवून टाकीत बघितलं, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हालचाल नाही.'

गुरुवारी सकाळी हिसका आला. एकच, कसाबसा. इंदूनं दोरा बोटाला गुंडाळूनच ठेवला होता. ती धावत करंबेळकरांच्या टेबलापाशी गेली.

"हाय त्यो. हिसका दिला. लिवा, साहेब, लिवा."

"लिहिलंय कालच," करंबेळकर म्हणाले. "हालचाल नाही म्हणून."

"आज हाय की पण."

"खाडाखोड चालत नाही बाई. शाईनं लिहिलंय." त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "बरं झालं तुम्हीच आलात. पद रिकामं झालं. वारसाचा अर्ज. मुलीचं नाव मी घातलंय. तनुजा मुरलीधर. एकोणीस ना?"

कागदावर तनुजाचा फोटोही लावलेला होता. पांढऱ्या ड्रेसमधला. तो ड्रेस अजून शिंप्याकडं होता.

"ती नर्सिंगला चाललीय," इंदू म्हणाली.

"जाऊ दे की. आधी तळ होऊ दे."

"मी उतरते. माझं नाव घाला."

"तुमचं वय बसत नाही. मुलीचं बसतं." करंबेळकरांनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते असं कचेरीत सगळे म्हणत, आणि म्हणणारे सगळे वरच बसलेले होते. "तीन पिढ्या तुम्ही लोक हेच करताय. मुलीलाही जमेल. रक्तात असतं."

"तुमच्या रक्तात काय हाय, साहेब?"

करंबेळकरांना राग आला नाही. त्यांनी कागद तिच्याकडं फिरवला.

"म्या सही करणार न्हाई."

"नका करू. उद्या साडेपाचपर्यंत सही नाही आली तर संमती धरली जाते. तसा नियम आहे."

"आन् त्यो स्वतः वर आला तर?"

करंबेळकरांनी खरंच विचार केला. "स्वतः येऊन इथं सही केली, तर अर्ज फाडावा लागेल," ते म्हणाले. "साडेपाचच्या आत."

घरी गुरुवारी सतरा पायऱ्या उतराव्या लागल्या. ओटा दिसत होता पण हाताला लागत नव्हता; आदल्या दिवशीची पातेली वर राहिली होती. दोघींनी वरून शेजारणीनं टाकलेल्या भाकरी खाल्ल्या. खाली पोचेस्तोवर त्यांचा चुरा झाला होता, तो दोघींनी फरशीवरून बोटानं टिपला. इंदूनं तनुजाला सांगितलं, "उद्या घराभाईर पडायचं न्हाई. आतनं कडी लावायची. मी बोलावलं तरी यायचं न्हाई. मीच असंन असं न्हाई."

"आणि पप्पा आले तर?"

"त्यो दोनदा वाजवतोय," इंदू म्हणाली. तनुजानं मान हलवली. पोरगी एवढी घाबरली होती की तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही.

शुक्रवारी इंदूनं दुकान उघडायच्या आधी दुकानदाराला गाठून जाड दोरा घेतला, मासे धरायचा, आणि दहा वाजता तो सोडायला सुरुवात केली. टोकाला नट आणि एक अळणी वडी. दोरा दुपारी दीडला टेकला. तळाशी आता भिंगातूनही काही दिसत नव्हतं, फक्त अंधार आणि त्यात कधीमधी सकर माशाचं पांढरं तोंड, काचेला लावलेलं. गोगलगाईंची रिकामी कवचं तेवढी वर येऊन तरंगत होती. साहेबांनी दाणे टाकताना ती बोटानं बाजूला सारली.

अडीचला दोन हिसके आले. जोरदार. घरचे.

"धरला," इंदू म्हणाली आणि ओढायला लागली.

दोरा जड होता. माणसाएवढा जड. ती कोपराला वेढे देत ओढत होती, ओला दोरा फरशीवर साचत होता. तीन वाजले, साडेतीन झाले. तिचे तळवे कापले. बाबालाल स्टुलावरून उठला आणि मागून धरायला लागला. आतून मोठ्या साहेबांचा फोनवरचा आवाज येत होता, ते कुणाला तरी गोल्डफिशचं खाणं कुठलं चांगलं ते सांगत होते.

"येतोय का वर?" बाबालालनं विचारलं.

इंदूनं पाण्यात बघितलं. अंधार होता तेवढाच लांब होता.

"येत असंल."

"वहिनी, खिडकी वर गेली."

तिनं मान वळवली. व्हरांड्याची खिडकी मघाशी छातीला होती, ती आता डोक्यावर होती. साहेबांच्या केबिनचा उंबरा गुडघ्याला लागत होता. तिनं आणखी एक हात दोरा ओढला, आणि उंबरा मांडीपर्यंत आला.

"फरशी चाललीय खाली," बाबालाल म्हणाला. "तो वर येईना, आपण चाललोय. सोडा."

"साडेपाचला किती हाय?"

"तास हाय. सोडा म्हणतो ना."

ती ओढत राहिली. ओढायची थांबली असती तर तनुजाचं नाव लागत होतं, म्हणून ती ओढत राहिली. यापलीकडं तिच्या डोक्यात काही नव्हतं. उंबरा छातीला आला. बाबालालनं स्टूल भिंतीला लावलं, वर चढला, हातांवर अंग तोलून केबिनच्या दारात जाऊन पडला आणि तिथून पालथा होऊन हात खाली सोडला.

"वहिनी, या. अजून पोचतोय हात. मला पोरंबाळं हायती, मी परत खाली येणार न्हाई."

त्याच क्षणी दोऱ्याला पुन्हा दोन हिसके बसले, आधीपेक्षा जवळून. इंदूनं बाबालालचा हात बघितला, आणि दोऱ्याला आणखी एक वेढा दिला. बाबालालचा हात वर वर गेला, मग मनगटाएवढा दिसला, मग बोटाएवढा.

काच आता तिच्या समोर नव्हती. चारी बाजूंना होती. पाणी केव्हा आलं ते तिला कळलं नाही, कारण ते ओलं लागत नव्हतं, फक्त जड लागत होतं, ओली गोधडी अंगावर टाकावी तसं. खूप वर, उजेडात, अकरा केशरी पोटं फिरत होती. त्यांतून काहीबाही गळत होतं आणि हळूहळू तिच्या केसांवर बसत होतं. पायाखाली वाळू लागली. वाळू कवचांची होती.

दोऱ्याचं टोक हातात आलं. गाठ तशीच होती. नट तसाच. वडी खाल्लेली होती, आणि नटाला धरलेलं कुणी नव्हतं.

"अहो," इंदू म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं, बाकी बुडबुडे झाले.

वर एक चष्मा दिसला. करंबेळकर कडेवरून वाकले होते. त्यांनी घड्याळ बघितलं, आणि कागद आत सोडला. तो झुलत झुलत खाली यायला लागला, गोल्डफिशनी त्याला तोंड लावून सोडून दिलं. तो तिच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागणार होता. कागदावरचा फोटो मात्र तिला एवढ्या लांबूनही स्पष्ट दिसत होता.

मग चष्म्याशेजारी दुसरं तोंड आलं. ते ओळखू येऊ नये म्हणून तिनं डोळे मिटले, आणि मिटूनही ओळखलं. तनुजा होती. आईला शोधत आली होती. पोरगी ओरडत असावी, कारण पाणी थरथरलं. मग तिनं बाही वर सारली आणि हात आत घातला.

हात खाली यायला लागला. उजवा, काचेची हिरवी बांगडी घातलेला, पाचही बोटं उघडलेली. गोल्डफिश त्याला चिकटले, त्यानं झटकले नाहीत. कोपर पाण्यात आलं, आणि हात तरी लांब होत राहिला, या टाकीत सगळं लांब होतं तसा. बोटं इंदूच्या डोक्यापासून दोन हातांवर आली. मग एका हातावर. फक्त धरायची खोटी होती.

इंदूनं धरलं असतं तर तनुजाचं वजन कुणाच्या बाजूला झुकलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. एक पाऊल मागं सरकली. मग आणखी एक. "जा घरला," ती म्हणाली, आणि बुडबुडे त्या बोटांना जाऊन लागले. बोटं त्यांच्या मागोमाग वाट काढत आली.

मागं आणखी सरकायला जागा नव्हती. पाठीमागच्या तिच्या मुठीला कुणीतरी हळूच तोंड लावलं, थंड, मऊ, आणि चोखायला लागलं. दात माणसाचे होते. इंदू हलली नाही. तिनं मुठी सोडवल्या नाहीत.

वर तनुजाचा खांदा पाण्यात शिरला.